प्लेटलेट्स वाढल्या, मग गोळी कशासाठी?

प्रश्न : माझी नात साडेतीन वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिचा ताप सहा दिवस उतरेना. डोळे लालभडक, ओठ फुटलेले, अंगभर पुरळ. आधी गोवर वाटला, मग दवाखाने बदलत गेलो. शेवटी 'कावासाकी' असं निदान झालं. सलाइनसारखं इम्युनोग्लोब्युलिन लावलं आणि दुसऱ्या दिवशी ताप गेला. हृदयाचा इको चांगला आला. आता ती घरी आहे, खेळते, जेवते. पण परवाच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स ८ लाख ६० हजार आल्यात. डॉक्टर म्हणाले, "हे अपेक्षितच आहे, अ‍ॅस्पिरिन चालू ठेवा." अपेक्षितच आहे तर गोळी कशाला? आणि मुलगा म्हणतो की 'प्लेटलेट अ‍ॅक्टिव्हेशन मार्कर' नावाची तपासणी असते, मुंबईला रक्त पाठवून ती करून घेऊ. करावी का?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आधी कामाचं सांगतो, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. ती तपासणी करू नका. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि इकोची पुढची तारीख, घरात कुणाचं लग्न असो की बारसं, चुकवू नका. आता कारणांकडे वळू.

आपल्याकडे घराघरांत प्लेटलेट हा शब्द पोचला तो डेंग्यूमुळे. पावसाळा लागला की सकाळ-संध्याकाळ रिपोर्टचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतात, कुणीतरी पपईच्या पानांचा रस काढायला सांगतं, किवीचा भाव चढतो. त्यामुळे आकडा घसरला की घाबरायचं हे आपण शिकलो आहोत. तो चढला की काय करायचं हे कुणी शिकवलेलं नाही. निरोगी मुलाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला साधारण १.५ ते ४.५ लाख प्लेटलेट्स असतात. कावासाकीत पहिल्या आठवड्यात हा आकडा बहुधा नेहमीसारखाच असतो. दुसऱ्या आठवड्यात चढायला लागतो, तिसऱ्याच्या आसपास शिखर गाठतो आणि सहा ते आठ आठवड्यांत आपोआप खाली येतो. शिखरावर १० लाखांच्या पुढे गेलेली मुलंही असतात. अंगात दाह असला की इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन वाढतं, त्यामुळे यकृत थ्रोम्बोपोएटिन जास्त बनवतं आणि त्या आदेशावरून अस्थिमज्जेतल्या महापेशी प्लेटलेट्स तयार करायला लागतात. या सगळ्याला काही दिवस लागतात, म्हणून ताप गेल्यावर आकडा फुगतो. तुमच्या नातीचे ८ लाख ६० हजार हे नेमके याच वेळापत्रकात बसतात.

खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात हा आकडा कमी आला असता तर मला जास्त काळजी वाटली असती. ऐन तापात प्लेटलेट्स घसरणं हे कावासाकीत वाईट लक्षण मानतात. दाह हाताबाहेर चालल्याची ती खूण असू शकते. २०२० मध्ये कोविडनंतर मुलांमध्ये जो कावासाकीसारखा दिसणारा आजार आला, एमआयएस-सी, त्यात प्लेटलेट्स बऱ्याचदा कमी असायच्या आणि डॉक्टरांना दोन्हींत फरक करायला त्याचा उपयोग झाला.

मग गोळी कशाला? तर प्लेटलेट्स किती आहेत आणि त्या काय करताहेत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गावात बंदोबस्ताला पोलीस किती आलेत हे एक, आणि त्यातल्या किती जणांनी लाठी उगारली आहे हे दुसरं. रिपोर्टवरचा आकडा फक्त हजेरी सांगतो. तुमच्या मुलाने ज्या मार्करबद्दल वाचलं, ते लाठ्या मोजायचा प्रयत्न करतात.

प्लेटलेट म्हणजे दोन-तीन मायक्रॉनची, केंद्रक नसलेली चकती. आयुष्य सात ते दहा दिवस. निवांत असताना ती रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला न चिकटता वाहत जाते. तिच्या पोटात बारीक कण भरलेले असतात, त्यांतल्या मुख्य प्रकाराला अल्फा कण म्हणतात. कावासाकीत मधल्या आकाराच्या धमन्यांना, त्यातही हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्यांना सूज येते. त्यांचं अस्तर दुखावलं की जवळून जाणारी प्लेटलेट बिथरते. चकतीला काटे फुटतात, पोटातले कण बाहेरच्या आवरणाला येऊन मिळतात आणि आतला माल रक्तात सांडतो. त्यात प्लेटलेट फॅक्टर-४ असतो, बीटा-थ्रोम्बोग्लोब्युलिन असतं. आणि त्या कणांच्या भिंतीवर आतापर्यंत लपलेला पी-सिलेक्टिन नावाचा रेणू प्लेटलेटच्या पृष्ठभागावर येतो.

या पी-सिलेक्टिनपाशी जरा थांबू, कारण सगळ्यात रंजक गोष्ट इथे आहे. पांढऱ्या पेशींवर, विशेषतः मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल यांच्यावर, त्याला पकडणारा जोडीदार रेणू असतो. त्यामुळे बिथरलेली प्लेटलेट मोनोसाइटला जाऊन चिकटते आणि ती जोडगोळी मिळून धमनीच्या भिंतीला भिडते. चिकटलेली प्लेटलेट सीडी-४० लिगँडसारख्या रेणूंनी मोनोसाइटला आणखी भडकवते, मोनोसाइट दाह वाढवणारी रसायनं सोडतो, भिंत अजून सुजते, आणखी प्लेटलेट्स बिथरतात. म्हणजे प्लेटलेट फक्त रक्त गोठवायला येते हा आपला शाळेतला समज अपुरा आहे. दाहात ती स्वतः भर घालते. आणि हे सगळं पहिल्या आठवड्यात, आकडा अजून नॉर्मल असतानाच सुरू झालेलं असतं.

संशोधक हे नाना तऱ्हांनी मोजतात. फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रातून एकेक पेशी लेझरच्या झोतासमोरून पाठवायची आणि किती प्लेटलेट्सवर पी-सिलेक्टिन उघडं पडलंय, किती मोनोसाइटांना प्लेटलेट्स चिकटल्यात हे पाहायचं, ही एक रीत. पेशी बाजूला काढून उरलेल्या प्लाझ्मात सांडलेली प्रथिनं मोजायची किंवा प्लेटलेट्सचे सुटलेले अतिसूक्ष्म तुकडे मोजायचे, ही दुसरी. प्लेटलेट्सना बिथरवणाऱ्या थ्रोम्बॉक्सेन या रसायनाचा अंश तर लघवीतही सापडतो. हा शोध नवा नाही. १९८४ मध्येच अमेरिकेत जेन बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कावासाकीच्या मुलांमध्ये प्लेटलेट्सची उत्तेजना तपासली होती. ज्यांच्या धमनीला फुगा यायचा धोका जास्त आहे ती मुलं आधीच ओळखता येतील का, हा त्यांचा प्रश्न होता. भारतात चंडीगडच्या पीजीआय या संस्थेत प्राध्यापक सुरजित सिंग यांच्या विभागाने कावासाकीवर दीर्घकाळ काम केलं आहे. तिथे मोनोसाइटला चिकटलेल्या प्लेटलेट्सचं प्रमाण तपासलं, तर ते इतर तापाच्या मुलांपेक्षा कावासाकीच्या मुलांत जास्त दिसलं.

मग मुलगा काय चुकीचं म्हणतोय, असं तुम्ही विचाराल. तो वाचतोय ते बरोबर आहे. पण ते संशोधनातलं आहे, आणि तिथून सांगलीतल्या एका मुलीपर्यंत येताना बरंच काही गळून पडतं.

रक्त काढण्यापासूनच बघा. साडेतीन वर्षांची मुलगी, आई तिला मांडीवर घट्ट धरून बसलेली, ती किंचाळतेय, दंडाला पट्टा आवळलाय, शीर बारीक म्हणून सुई बारीक, आणि पहिल्या टोचण्यात शीर मिळाली नाही म्हणून आत जराशी चाचपणी. या प्रत्येक गोष्टीने प्लेटलेट बिथरते. सुईने फाटलेल्या ऊतीतून येणारा घटक, पट्ट्याने अडलेलं रक्त, सिरिंज जोरात ओढणं, ट्यूब हलवणं, काहीही पुरतं. म्हणून संशोधनात पट्टा जेमतेम लावतात, पहिलं थोडं रक्त टाकून देतात, निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये अलगद घेतात आणि थोड्याच वेळात पेशी रसायनाने 'थिजवून' ठेवतात. थंडीनेही प्लेटलेट्स उत्तेजित होतात, त्यामुळे पेशींच्या पृष्ठभागाची तपासणी असेल तर बर्फ चालत नाही. आता तुमच्या गावातल्या कलेक्शन सेंटरवर घेतलेली ट्यूब संध्याकाळी बर्फाच्या पेटीत बसून रात्रभर मुंबईला गेली, तर सकाळी येणारा आकडा नातीच्या धमन्यांबद्दल बोलेल की त्या प्रवासाबद्दल? आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांना हा प्रश्न भाबडा वाटत नाही.

दुसरी अडचण मालकीची. रक्तात मोकळं फिरणारं पी-सिलेक्टिन वाढलेलं सापडलं, पण ते सोडलं कुणी? प्लेटलेटखेरीज रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशीही तेच साठवून ठेवतात आणि दुखावल्या की बाहेर टाकतात. ज्या आजारात अस्तरच सुजलंय, तिथे ही खूण कुणाच्या खात्यावर लिहायची? प्लेटलेट फॅक्टर-४ आणि बीटा-थ्रोम्बोग्लोब्युलिन त्या मानाने प्लेटलेटशी एकनिष्ठ, पण रक्त काढतानाच्या गडबडीत तेच सगळ्यात आधी सांडतात.

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. पन्नास आजारी मुलं आणि पन्नास निरोगी मुलं यांची सरासरी वेगळी निघाली, की शोधनिबंध होतो. तुमच्या नातीसाठी मात्र अमुक आकड्यापुढे धोका आणि त्याखाली सुरक्षित अशी रेघ लागते. ती रेघ कुणी आखलेली नाही. साधा न्यूमोनिया झाला तरी यातले बरेच मार्कर चढतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना जगभर वापरल्या जातात. त्यांत उपचार ठरतात ते ताप, लक्षणं, सीआरपीसारख्या दाहाच्या तपासण्या आणि मुख्य म्हणजे इको यांवर; इकोत धमनीची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून मुलाच्या शरीराच्या आकारमानाशी ताडतात. प्लेटलेट-मार्करवर औषध ठरत नाही. ज्या तपासणीच्या उत्तराने काहीच बदलणार नाही, ती करून घराला फक्त आणखी एक कागद मिळतो.

जाता जाता, सीबीसीच्या रिपोर्टवर एमपीव्ही नावाचा एक आकडा फुकट छापून येतो. प्लेटलेट्सचं सरासरी आकारमान. त्यावरून प्लेटलेट्स 'तापल्या' आहेत असा अर्थ काढणारे लेख तुमच्या मुलाला सापडतीलच. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये जे रसायन असतं त्याने प्लेटलेट्स वेळ जाईल तशा फुगतात, आणि प्रत्येक यंत्राची मोजायची पद्धत वेगळी. दोन लॅबमधले एमपीव्ही शेजारी ठेवून डोकेफोड करू नका.

आता गोळी. कावासाकीत धमनीला फुगा येऊ नये म्हणून जे काम करतं ते इम्युनोग्लोब्युलिन. उपचार न मिळालेल्या मुलांपैकी सुमारे २५ टक्क्यांना कॉरोनरी धमनीचे फुगे येतात; पहिल्या दहा दिवसांत वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम या मात्रेने इम्युनोग्लोब्युलिन दिलं की हे प्रमाण ४-५ टक्क्यांवर येतं. तुमच्या नातीला ते वेळेवर मिळालं, यातच निम्म्याहून जास्त लढाई जिंकली गेली. अ‍ॅस्पिरिनने फुगे टळत नाहीत. तिचं काम वेगळं. धमनीचं अस्तर अजून नीट सावरलेलं नाही आणि नेमक्या त्याच आठवड्यांत प्लेटलेट्सची गर्दी शिखरावर आहे. अशा वेळी आत गुठळी होऊ नये, एवढ्यासाठी ती दिली जाते.

गुठळीची ही धास्ती उगाच नाही. डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात असा पहिला मुलगा पाहिला तो जानेवारी १९६१ मध्ये. वय चार. १९६७ मध्ये त्यांनी अशा ५० मुलांचं वर्णन जपानी भाषेत छापलं, आणि तेव्हा हा आजार आपोआप बरा होणारा वाटत होता. पुढे जपानमध्ये पाहणी झाली, तेव्हा बरी होत आलेली काही मुलं अचानक दगावल्याचं उघड झालं. शवविच्छेदनात त्यांच्या कॉरोनरी धमन्यांत फुगे आणि त्यांत गुठळ्या सापडल्या. १९७४ मध्ये इंग्रजीत लेख आल्यावर जगाला हा आजार कळला. डॉ. कावासाकी २०२० मध्ये ९५ व्या वर्षी वारले. आजाराचं मूळ कारण मात्र अजून सापडलेलं नाही.

अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधलं कॉक्स-१ हे एन्झाइम कायमचं बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नाही, त्यामुळे तिला ते नव्याने बनवता येत नाही. जगेल तोवर ती थ्रोम्बॉक्सेन बनवू शकत नाही. म्हणून दिवसाला दर किलोला ३ ते ५ मिलिग्रॅम इतकी छोटी मात्रा पुरते, १४ किलोच्या मुलीला ४२ ते ७० मिलिग्रॅम. पण प्लेटलेट बिथरायला थ्रोम्बॉक्सेन हा एकच रस्ता नाही. थ्रोम्बिन आहे, एडीपी आहे. ते उघडेच राहतात. म्हणून अ‍ॅस्पिरिन चालू असतानाही पी-सिलेक्टिन चढलेलं दिसू शकतं. समजा, मुंबईहून 'पॉझिटिव्ह' असा कागद आला असता, तर त्यावरून गोळी निकामी आहे हे ठरलं नसतं, आणि घरात मात्र रात्रभर कुणाला झोप लागली नसती.

इको स्वच्छ राहिला तर गोळी सहसा आजार सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी थांबते. फुगा असेल त्या मुलांना ती पुढे चालू राहते, कधी जोडीला क्लोपिडोग्रेल येतं. फुगा ८ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असला की वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषधही लागतं. तुमच्याकडे ती वेळ नाही.

गोळी चालू आहे तोवर दोन-तीन पथ्यं. घरात किंवा शेजारी कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. या विषाणूंसोबत अ‍ॅस्पिरिन असली तर क्वचित राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा गंभीर विकार होतो. ताप आला तर घरातलं आयब्युप्रोफेनचं सिरप देऊ नका. ते त्याच एन्झाइमवर जागा अडवून बसतं आणि अ‍ॅस्पिरिनला आत शिरू देत नाही. पॅरासिटामॉल चालेल. आणि लसीकरणाच्या कार्डावर लिहून ठेवा : इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांच्या लसी ११ महिने पुढे ढकलतात, नाहीतर त्या लागू पडत नाहीत.

दवाखाने बदलण्यात तुमचे दिवस गेले, म्हणून इतर वाचकांसाठी एक निरीक्षण. लहान बाळांत कावासाकीची लक्षणं अर्धीच दिसतात. अशा वेळी डाव्या दंडावरची बीसीजीची जुनी खूण पाहावी. ती अचानक लाल होऊन सुजली असेल तर ते कावासाकीकडे बोट दाखवतं. जपान आणि भारतासारख्या, बाळांना बीसीजी देणाऱ्या देशांत ही खूण फार कामाला येते. हातापायाच्या नखांच्या कडेने साल निघणं तर आईला सगळ्यात आधी दिसतं, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तोवर थांबायचं नसतं.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा. दोन्ही पायांवर जांभळे ठिपके, घोटे सुजलेले, मधूनच पोटात कळ. डॉक्टरांनी हेनॉख-शोनलाइन पर्प्युरा सांगितलं. प्लेटलेट्स ३ लाख ९० हजार आहेत. प्लेटलेट्स पुरेशा असताना रक्त कातडीखाली येतं कसं?
– एक आई, फोंडा

उत्तर : कारण इथे बिघाड भिंतीत आहे. आयजीए जातीच्या प्रतिपिंडांचे पुंजके बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकतात, तिथे दाह होतो, भिंत पाझरते आणि रक्त कातडीत उतरतं. ठिपक्यांवरून बोट फिरवा, ते किंचित उचललेले लागतील आणि पाय, नितंब अशा खालच्या भागांत जास्त असतील. प्लेटलेट्स घटल्यामुळे येणारे ठिपके सपाट असतात आणि कुठेही उमटतात. म्हणजे तुमच्या रिपोर्टवरचा नॉर्मल आकडा निदानाला उलट बळकटीच देतो.

वरच्या उत्तरातले मार्कर या आजारातही वाढलेले आढळले आहेत. त्यांचा तुमच्या मुलासाठी उपयोग शून्य, आणि इथे अ‍ॅस्पिरिनचीही गरज नसते. लक्ष ठेवायचं ते मूत्रपिंडांवर. ठिपके जाऊन मुलगा शाळेत जायला लागला तरी लघवीची साधी तपासणी आणि रक्तदाब सहा महिने डॉक्टर सांगतील तसे करत राहा, कारण मूत्रपिंडाचा त्रास बहुधा याच काळात आणि काही न दुखता सुरू होतो. पोटातली कळ वाढली, हिरव्या उलट्या झाल्या किंवा शौचाला रक्त पडलं, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या. या आजारात आतड्यात आतडं अडकायची शक्यता असते.